विश्लेषण : जुनी गाडी विकली, पण नाव कुणाचे? सेकंड हँड कारची खरेदी, विमा आणि जीएसटीचे गणित काय?

दिल्लीत लाल किल्ल्याजवळ १० नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या स्फोटानंतर तपास यंत्रणांनी सर्वांत आधी शोधला तो स्फोटात वापरलेल्या गाडीचा मालक. हरियाणात नोंदणी असलेली ती ह्युंदाई आय-२० अनेक हातांतून गेली होती. मात्र नोंदणीतले नाव एकाचे आणि प्रत्यक्ष ताबा दुसऱ्याचा, अशी स्थिती होती. त्यामुळे गाडी केव्हाच विकून मोकळ्या झालेल्या माणसापासून पोलिसांना चौकशीला सुरुवात करावी लागली. ही घटना टोकाची असली तरी तिच्यामागची सवय आपल्या ओळखीची आहे. पैसे मिळाले, किल्ली दिली, कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या आणि ‘नावावर करून घ्या’ असे सांगितले, की व्यवहार संपला असे अनेकांना वाटते. कायद्याच्या नजरेत तो संपलेला नसतो. त्यातच गेल्या वर्षभरात जीएसटीचे बदललेले दर, महाराष्ट्रातील एचएसआरपीची सक्ती आणि ई-२० पेट्रोल यांमुळे जुन्या गाडीचे गणित बदलले आहे.

गाडी विकल्यानंतर जबाबदारी कधी संपते?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील व्याख्येनुसार नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, ज्याचे नाव तो गाडीचा मालक. (कर्जावरच्या किंवा भाडेकराराच्या गाडीत ताबा असलेला मालक मानला जातो.) विक्रीचा करार, शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर किंवा बँकेतून आलेले पैसे हे व्यवहार झाल्याचे पुरावे आहेत. त्यांनी आरसीवरचे नाव बदलत नाही.

याचा अर्थ काय, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात स्पष्ट केले. त्यातील गाडी २००७ पासून एकाकडून दुसऱ्याकडे अशी विकली जात होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. २००९ मध्ये अपघात झाला, त्यात एकाचा मृत्यू झाला. ‘मी गाडी कधीच विकली’ असे पहिल्या मालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाने विक्रीची साखळी शोधत फिरावे अशी अपेक्षा धरता येणार नाही; नोंदणीत ज्याचे नाव, तो भरपाईला जबाबदार, असा हा निकाल आहे.

अपघात ही गंभीर बाब झाली. रोजच्या व्यवहारातला त्रास म्हणजे ई-चलान. सिग्नल तोडला, वेग ओलांडला की कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाचा संदेश आरसीवरच्या मालकाच्या मोबाइलवर जातो. चलान साठत गेली की लोक अदालतीची नोटीसही त्यालाच येते.

नाव बदलण्याची मुदत आणि प्रक्रिया काय?

कायद्याच्या कलम ५० नुसार गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर ही मुदत ४५ दिवसांची असून सोबत ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, लागते. खरेदीदाराने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. म्हणजे जबाबदारी दोघांचीही आहे. ‘नावावर करणे हे घेणाऱ्याचे काम’ हा समज चुकीचा आहे.

फॉर्म २९ ही विक्रेत्याने दिलेली हस्तांतरणाची सूचना. फॉर्म ३० हा हस्तांतरणाचा अर्ज. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, त्याशिवाय आरसीवरचा कर्जबोजा उतरत नाही. कर्ज फिटले म्हणून बोजा आपोआप जात नाही. पाच वर्षांपूर्वी शेवटचा हप्ता भरलेल्या गाडीच्या आरसीवर आजही बँकेचे नाव असू शकते.

खरा घोळ कोऱ्या फॉर्ममध्ये आहे. अनेक व्यवहारांत विक्रेता फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून देतो. खरेदीदाराचे नाव, तारीख, पत्ता सगळे रिकामे. मधला एजंट हे कागद ठेवून गाडी पुढे विकतो आणि शेवटी जो घेईल त्याचे नाव भरतो. मधल्या काळात गाडी कुणाच्या हातात होती याची नोंद कुठेच राहत नाही. कोऱ्या फॉर्मवर सही करणे टाळावे. खरेदीदाराचे नाव, ओळखपत्राची प्रत, गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ, त्या वेळचे किलोमीटर हे सगळे लिहिलेली, दोघांच्या सह्यांची पावती विक्रेत्याने जवळ ठेवावी. फास्टॅगही बंद करायला विसरू नये. तो जुन्या मालकाच्या खात्याशी जोडलेला असतो, त्यामुळे टोल त्याच्याच पैशांतून कापला जातो.

डीलरला गाडी दिली तर?

विक्रेत्याची सर्वाधिक फसगत येथे होते. डीलर गाडी घेतो, पण गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती स्वतःच्या नावावर करत नाही. त्या दोन-चार महिन्यांत गाडी ‘टेस्ट ड्राइव्ह’साठी कुणीही चालवतो.

यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि ते पाच वर्षांसाठी असते. गाडी अशा अधिकृत डीलरच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की तेव्हापासून डीलर त्या गाडीचा मानीव मालक ठरतो. गाडी कुठे, कशासाठी आणि किती किलोमीटर नेली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवहीही त्याला ठेवावी लागते. एनओसी, आरसीची दुय्यम प्रत, हस्तांतरण यांसाठी अर्ज करण्याचा अधिकार त्याला मिळतो.

कागदावर हा नियम चांगला आहे. मात्र रस्त्याकडेला चार गाड्या लावून बसलेल्या प्रत्येक विक्रेत्याकडे असे अधिकारपत्र असतेच असे नाही. म्हणून डीलरला विचारायचा पहिला प्रश्न ‘किती देणार?’ हा नसून ‘२९सी भरणार का?’ हा असायला हवा. नाही म्हणाला तर थेट खरेदीदार शोधणे परवडते.

गाडीबरोबर विमाही मिळतो का?

अर्धाच मिळतो. विम्याचे दोन भाग असतात. गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई देणारा ‘थर्ड पार्टी’ आणि आपल्या गाडीचे नुकसान भरून देणारा ‘ओन डॅमेज’. कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडी हस्तांतरित झाली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाच्या नावे झाला असे मानले जाते. नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचे असते.

ओन डॅमेजला मात्र हा ‘मानलेला’ बदल लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकातच ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ खटल्यात हा फरक स्पष्ट केला. गाडी नव्या मालकाच्या नावावर झाली होती, पण पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर होती. अपघातात गाडीचे नुकसान झाले आणि भरपाईचा दावा फेटाळला गेला. कारण सोपे आहे. ज्याच्याशी विम्याचा करार आहे त्याची आता गाडी नाही आणि ज्याची गाडी आहे त्याच्याशी करार नाही.

म्हणजे आरसीवर नाव आले, ग्लोव्ह बॉक्समध्ये चालू पॉलिसी आहे, तरीही स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी एक पैसाही मिळणार नाही, अशी स्थिती येऊ शकते. मालक-चालकासाठी असलेले १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही जुन्या मालकाचे असते, नव्याचे नाही.

‘नो क्लेम बोनस’ कुणाचा?

बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. वर्षभर दावा केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती पुढे २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत वाढते. गाडी विकली तरी ही सूट विक्रेत्याकडेच राहते. विमा कंपनीकडून तसे प्रमाणपत्र घेतले तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला ती वापरता येते. अनेक जण हे प्रमाणपत्र मागतच नाहीत आणि काही हजार रुपयांवर पाणी सोडतात.

खरेदीदाराला पॉलिसी नावावर करताना उरलेल्या मुदतीपुरता हा फरक भरावा लागतो. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि विक्रेत्याला ५० टक्के बोनस मिळाल्याने त्याने ५,००० रुपये भरले. पॉलिसीचे सहा महिने उरले असतील तर नव्या मालकाला साधारण २,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्य झाला. गाडीच्या विम्याला ती सवलत मिळालेली नाही.

आणखी एक बारकावा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, ओन डॅमेज मात्र बहुतेक वेळा एका वर्षाचा असतो. त्यामुळे दोन वर्षांच्या गाडीचा ‘इन्शुरन्स चालू आहे’ असे विक्रेता सांगतो तेव्हा फक्त थर्ड पार्टी चालू असू शकतो. पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा पाहाव्यात. ओन डॅमेज संपून ९० दिवस उलटले असतील तर बोनसही जातो आणि नवी पॉलिसी देण्यापूर्वी कंपनी गाडीची तपासणी मागते.

जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे नेमके काय?

जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ मधील जैसलमेर येथील बैठकीत हा निर्णय झाला आणि जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. तोपर्यंत मोठ्या गाड्यांवर १८ आणि छोट्या व इलेक्ट्रिक गाड्यांवर १२ टक्के दर होता. आता सगळ्या जुन्या गाड्यांना १८ टक्के आहे. ‘जुनी गाडी विकली की १८ टक्के कर’ असा गैरसमज त्या वेळी समाजमाध्यमांवर पसरला. प्रत्यक्षात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली, हा कर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्यालाच आहे. नोकरदाराने आपली गाडी शेजाऱ्याला विकली तर जीएसटी नाही. वैयक्तिक वापराची कार ही भांडवली मालमत्ता मानली जात नसल्याने त्यावर भांडवली नफ्याचा प्राप्तिकरही लागत नाही. दुसरी, कर पूर्ण किमतीवर नसून फरकावर आहे. डीलरने गाडी चार लाखांना घेऊन ४ लाख ६० हजारांना विकली तर कर ६० हजारांवर, म्हणजे १०,८०० रुपये. आधीच्या १२ टक्के दराने तो ७,२०० रुपये होता. तोट्यात विकली तर कर शून्य. व्यवसायात वापरलेल्या गाडीवर घसारा घेतला असेल तर विक्री किंमत आणि घसारा वजा जाता उरलेले मूल्य यांतील फरकावर कर लागतो.

मग जुन्या गाड्यांच्या किमतीवर मोठा परिणाम कशाचा झाला?

नव्या गाड्यांच्या करकपातीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. छोट्या पेट्रोल गाडीवर आधी उपकरासह २९ टक्के कर होता. म्हणजे करापूर्वी पाच लाखांची गाडी ६ लाख ४५ हजारांऐवजी ५ लाख ९० हजारांना पडू लागली.

जुन्या गाडीची किंमत नेहमी नव्या गाडीच्या किमतीवरून ठरते. नवी ५५ हजारांनी स्वस्त झाली असेल तर दोन-तीन वर्षांची जुनी त्याच भावात घेण्यात अर्थ नाही. ‘आम्ही घेतली तेव्हा एवढ्याला पडली होती’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद सप्टेंबरनंतर फारसा उरत नाही. घासाघीस करताना त्याच मॉडेलची आजची ऑन-रोड किंमत समोर ठेवावी. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सामान्यतः नव्यापेक्षा जास्त असतो, हेही हिशेबात धरावे. फरक थोडाच उरत असेल तर नवी गाडी परवडू शकते.

दिल्लीची स्वस्त गाडी घ्यावी का?

दिल्ली आणि राजधानी परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत. त्यामुळे मुदत जवळ आलेल्या गाड्या तिथे स्वस्तात निघतात आणि इतर राज्यांत येतात. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. डिसेंबरमध्ये तो बदलून हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरतेच ठेवले.

महाराष्ट्रातल्या खरेदीदाराने किमतीत तीन गोष्टी मिळवाव्यात. तिथल्या आरटीओची एनओसी, येथे वयानुसार भरावा लागणारा रस्ता कर आणि नवा एमएच क्रमांक. परराज्यातील क्रमांकावर गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ येथे वापरता येत नाही. १५ वर्षे पूर्ण होत आलेल्या गाडीच्या बाबतीत नोंदणीचे नूतनीकरण, तंदुरुस्ती चाचणी आणि पर्यावरण कर यांचाही खर्च येतो. ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेनुसार २० वर्षांवरील कारच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये आहे.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा क्रमांकपाटी, बसवणे सक्तीचे आहे. कारसाठी दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. तिची मुदत अनेकदा वाढवण्यात आली. मात्र पाटी नसलेल्या गाडीचे हस्तांतरण किंवा बोजा उतरवणे ही कामे आरटीओत अडतात. पाटी विक्रेत्याकडूनच बसवून घेणे श्रेयस्कर.

पैसे देण्यापूर्वी काय तपासावे?

आधी कागद. एम-परिवहन अॅपवर क्रमांक टाकून मालकाची आद्याक्षरे, नोंदणीची तारीख, बोजा, विमा आणि पीयूसी पाहावे. थकीत चलान वेगळे तपासावे. आरसीवरचा चॅसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवावा.

किलोमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागाव्यात, त्यात प्रत्येक भेटीचे किलोमीटर असतात. ४० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे ब्रेक आणि क्लचचे पेडल गुळगुळीत झिजलेले नसते. टायरवरचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. काचांवरही वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर का बदलली, हे विचारावे.

पुरात बुडालेली गाडी हा वेगळा धोका. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये हजारो वाहने पाण्याखाली गेली. दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांहून जास्त असेल तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते आणि भंगार म्हणून विकली जाते. त्यातल्या काही रंगरंगोटी करून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का पाहावे. स्पेअर व्हीलचा खड्डा, सीटचे रूळ आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे जोड गंजले आहेत का, हेही पाहावे. विमा कंपनीकडील दाव्यांचा इतिहास विक्रेत्याला मागता येतो. तो देण्यास टाळाटाळ झाली तर सावध व्हावे.

घेतल्यानंतर देखभालीचे काय?

जुन्या मालकाने शेवटची सर्व्हिसिंग कधी केली यावर अवलंबून न राहता इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड एकदा बदलून घ्यावे. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो कधी बदलला हे विचारावे. तो तुटला तर इंजिन उघडावे लागते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी फक्त शहरात, थोड्या अंतरासाठी वापरली असेल तर तो तुंबतो आणि बदलण्याचा खर्च मोठा असतो. रोज आठ-दहा किलोमीटरच चालवायची असेल तर जुनी डिझेल घेऊ नये, हा सल्ला त्यासाठीच दिला जातो.

पेट्रोल गाड्यांबाबत ई-२० ची चर्चा आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या २० टक्के इथेनॉलला अनुरूप बनवल्या जातात. त्याआधीच्या गाड्यांत मायलेज ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकते, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले होते. जुन्या गाडीतील इंधनाचे रबरी पाइप आणि गॅस्केट सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावेत. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये, कारण इथेनॉल ओलावा धरतो.

फसवणूक झाली तर दाद कुठे?

गाडी डीलरकडून घेतली असेल तर तो सेवा पुरवठादार ठरतो आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारांसाठी जिल्हा आयोगच पुरेसा आहे. बदललेले किलोमीटर, लपवलेला अपघात, न केलेले हस्तांतरण ही कारणे तिथे मांडता येतात. मात्र लेखी काही असेल तरच. व्यक्तीकडून थेट घेतलेल्या गाडीला ग्राहक कायद्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. तिथे दिवाणी दावा किंवा फसवणुकीची पोलीस तक्रार एवढाच मार्ग उरतो. म्हणूनच थेट व्यवहारात थोडे पैसे वाचत असले तरी पूर्ण रक्कम एकदम देऊ नये. काही भाग आरसीवर नाव चढेपर्यंत राखून ठेवावा आणि तसे पावतीत लिहावे. ज्यांनी पूर्वी गाडी विकली आहे त्यांनीही जुना क्रमांक एम-परिवहनवर टाकून पाहावा. आद्याक्षरे अजून आपलीच दिसत असतील तर विक्रीचे जे पुरावे असतील ते घेऊन संबंधित आरटीओला लेखी कळवणे आणि त्याची पोच घेणे, हे पहिले काम आहे.